दार कशानं लावलं

उंद्री, ता. ९ जानेवारी १९६७

चि. सौ. रुखमा हिस शेषरावदादाचे अनेक आशीर्वाद.

आधी तुमच्या घरची एकेकाची खबर दे. उत्तमरावांचा गुडघा थंडीत कुरकुरतो का अजून? एरंडाचं पान गरम करून बांधा म्हणावं, लाजू नका. तुझ्या सासूबाई अंबूबाईंचा खोकला कसा आहे? सून कोकिळा बाळंतपणातून नीट उठली का? नात तीन महिन्यांची झाली असेल, मान धरली का तिनं? आणि तुझी पाठ? तू स्वतःचं शेवटी लिहितेस, म्हणजे बहुतेक लिहीतच नाहीस.

आम्ही इथं खुशाल. तुझी वहिनी कौशल्या दिवसभर मळ्यात असते. वांगी बरी आलीत, मेथीवर दव मस्त पडतंय. निवृत्ती मेहकरला आपल्या नोकरीत सुखी आहे. दिवाळीनंतर इकडे फिरकला नाही. न फिरको. पोरगं शिकलं की बापाला धडे द्यायला येतं.

आता मुद्द्याचं. किसनरावांचा सिनेमाचा तंबू महिनाभर इथं होता, तो आता उठून तुमच्या बीबीला येतोय. तेच यंत्र, तेच खेळ. रुखमा, तू जन्मात सिनेमा पाहिला नाहीस. या वर्षी पाहायचाच. उत्तमराव नाही म्हणाले तर हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्यानं वाच. मी सगळे खेळ पाहिलेत. बाकीचा कोंडा आहे, नाचगाणी नि मारामाऱ्या. पाहण्याजोगे दोनच.

एक आईचं. आई नि तिचा एकुलता एक पोरगा. तो तिला सोडून शहरात जातो, जाताना नको ते बोलतो, आणि सगळं गमावून परत येतो. ती काय करते? दार लावते! धाडकन! पेटी रडते, तंबूतल्या बाया रडतात, खेळ संपतो. मला फार पटलं. ज्यानं आईबापाला शहाणपण शिकवलं, त्यानं उंबऱ्याबाहेरच उभं राहावं.

दुसरं जहाजाचं. वादळ काय, तलवारी काय, बेटावर वाघ येतो तो गुरगुराट ऐकून माझ्या शेजारी बसलेल्या मोतीरामानं माझा दंडच धरला. लेकराबाळांना घेऊन पाहा.

एक तिसरं आहे, माणसं अग्निबाणात बसून चंद्रावर जातात ते. त्याच्या नादी लागू नकोस. अर्धा खेळ झाला की बोलणं बंद, गाणं बंद. मला वाटलं यंत्र बिघडलं. पोकळ भोपळा.

पाहून झालं की सविस्तर लिही. वाट पाहतो.

तुझा दादा,
शेषराव

---

बीबी, ता. ६ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास रुखमाचा दंडवत.

ह्यांचा गुडघा एरंडाच्या पानानं नाई, तंबूच्या नावानं बरा झाला. पहिल्या दिवशी सगळ्यात पुढं हेच. सासूबाईचा खोकला गेला, बोलणी तशीच हायेत. कोकिळा कामाले लागली. नातीनं मान धरली, आता सगळ्याइकडं ठाणेदारासारखी पाह्यते. माही पाठ हाये तशी हाये. तू मात्र तुह्या तब्येतीचं एक अक्षर लिहिलं नाई, ते माह्या ध्यानात आलं.

तर गेली मी सिनेमाले! इथं बाजारातली जागा अरुंद, म्हणून माणसं पडद्यासमोर अन् आम्ही बाया पडद्यामागं. कपड्यावर पाणी शिंपडतात म्हणजे चित्र आरपार दिसते. सुरुवातीले मोठी मोठी अक्षरं आली. मले एक वाचता येईना! घामच फुटला, दादा. म्हटलं, लहानपणी तू टोपल्याच्या पाठीवर कोळशानं शिकवलेलं सगळं विसरली का काय! शेजारच्या सत्यभामाबाई दरसाल येतात. त्या म्हणे, "अवं बाई, आपण मागून पाहून राह्यलो. अक्षरं उलटी हायेत. तू बरी हायेस."

जहाजाचं पाह्यलं. वादळात मी सत्यभामाबाईचा पदर धरला, तो खेळ सुटेपर्यंत सोडलाच नाई. अशा पाण्यातून माणसं परत येतात हे पाहून बरं वाटलं. पण तो तलवारवाला डावखुरा काऊन हाये? अन् दादा, वाघ कुठं हाये त्याच्यात? अस्वल हाये. काळं, हे एवढं, दोन पायावर उभं राह्यते. वाघ मी शेवटपर्यंत शोधला.

तुह्या ओळी यंदा एकमेकीच्या अंगावर काऊन चढून राह्यल्या? दौत सांडली का?

लवकर लिही.

रुखमा

---

उंद्री, ता. १३ फेब्रुवारी

चि. सौ. रुखमास आशीर्वाद.

पत्र वाचून कौशल्या नि मी पोट धरून हसलो. अगं, डावखुरा नाही तो. तुम्ही मागून पाहता, तुम्हाला उजवं ते डावं. पडद्यामागं बसून सिनेमा पाहणं म्हणजे चादरीची उलटी बाजू पाहून नक्षी सांगणं. तेव्हा वाघाच्या जागी अस्वल दिसलं त्यात तुझा दोष नाही.

गुरगुराट वाघाचाच होता. मी नीट ऐकला.

ओळींचं म्हणशील तर थंडीनं बोटं आखडतात. साठी उलटली, आता अक्षरांनी शिस्त कुठवर पाळायची? मी ठणठणीत आहे. गावातले लोक अजून माझ्याकडेच पत्रं वाचून घ्यायला येतात. गेल्या आठवड्यात रामरावांच्या लेकाचं पलटणीतून पत्र आलं, ते मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. हे सगळं ठणठणीत माणसालाच जमतं ना?

आईचं पाहिलंस का? ते पाहा आणि दाराचं लिही. चंद्राच्या नादी लागू नकोस, पुन्हा सांगतो.

दादा

---

बीबी, ता. २४ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास दंडवत.

घरचे सगळे बरे हायेत. आज तेवढ्यावर भागव. जरा बूड टेकवून वाच, अन् कौशल्यावहिनीले जवळ बसव.

वाघाचं मी सोडून देणार होती. पण पडद्यामागून डाव्याचं उजवं होते, अस्वलाचा वाघ होत नाई, दादा. अन् तू लिहिलं, "नीट ऐकला." हे मी दोनदा वाचलं. सगळे सिनेमा पाह्यतात, माहा दादा ऐकते काऊन?

म्हणून मी मुद्दाम चंद्राचं पाह्यलं, तू नको म्हटलं तरी. बाप्पा, काय सांगू तुले! ते दोघं अग्निबाणातून उतरतात तिथून पुढं कोणी बोलत नाई, खरं हाये. पण ते पोकळ नाई. तिथं जमिनीले खड्डे हायेत, गोल, एकात एक, अगदी आपलं लोणारचं तळं. लोणारले आपण बाबांच्या खांद्यावर बसून गेलो होतो ना, तसं वरून दिसते. मग ते दोघं मान वर करतात अन् आभाळात आपली पृथ्वी लटकून असते. भाकरीएवढी. त्याच्यातला एक जण आपला अंगठा समोर धरते अन् पृथ्वी झाकून टाकते. घर, शेत, नदी, सगळं एका अंगठ्यामागं. मग हळूच अंगठा बाजूले घेते. सत्यभामाबाईनं बसल्या जागी हात जोडले. तंबूत एक लेकरू रडलं नाई. इतकं सुंदर मी जन्मात पाह्यलं नाई अन् तू म्हणते यंत्र बिघडलं!

परवा आईचं पाह्यलं. पोरगा दारात येते. पेटी वाजते. दार लागते, धाडकन, तू लिहिलं तसंच. पण दादा, पोरगा आत हाये. आत! आईनं त्याले आत घेतलं अन् मग दार लावलं, गावचे टवाळ लोक बाहेर तमाशा पाहाले जमले होते त्याइच्या तोंडावर. बाया रडल्या त्या आनंदानं रडल्या.

हे तुले दिसलं नाई. तुह्या मनात जे होतं ते तुले ऐकू आलं.

पुढचंही लिहिते, रागाव पाह्यजे तर. नातीले देवी टोचाले मेहकरले नेलं होतं, तिथं निवृत्ती भेटला. मी खोदून विचारलं. दिवाळीले तो तुले म्हणे, "बाबा, डोळे दाखवू." अन् तू त्याले म्हटलं, "मले आंधळा ठरवून मळा घेतोस का?" तो पोरगा बाजारात माह्यासमोर डोळे पुसत होता. मिशीवाला पोरगा.

किती दिसते तुले? खरं लिही. मी बहीण हाये, तलाठी नाई.

रुखमा

---

उंद्री, ता. ८ मार्च

चि. सौ. रुखमास आशीर्वाद.

उत्तराला वेळ लागला. दोन पत्रं लिहिली नि चुलीत घातली. पहिल्यात तुला रागावलो होतो. दुसऱ्यात वाघ खरा ठरवत होतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती तू पडद्यामागं बसून उघडलीस. तर ऐक. कागद नाकाला लावला की अक्षर दिसतं. कागदावर आडवा दोरा धरून लिहितो, दोरा सरकला की ओळी एकमेकींवर चढतात. हातभर अंतरावरचं दिसतं ते दुधात बुडवल्यासारखं. डाव्यानं तर उजेड-अंधार तेवढा कळतो. मळ्यात वांगी हातानं चाचपून तोडतो, ते जमतं. मिरची जमत नाही, पिकली कोणती नि हिरवी कोणती कळेना. मी तोडतो, मागून कौशल्या येऊन निवडते, आणि दोघंही त्यावर बोलत नाही.

तंबूत सगळे हसले की हसायचं, सगळे गप्प झाले की गप्प व्हायचं. मोतीराम बाजूला असतो. त्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलंही असतं, "अबे शेष्या, अस्वल हाये ते." पण विचारायचं कसं? उंद्रीत सिनेमातलं पहिल्यापासून समजावून सांगणारा मीच. पडदा माझ्यासाठी नुसता उजेडाचा ढग होता, रुखमा. हलणारा ढग.

आणि चंद्राचं तसं झालं. सगळा तंबू श्वास धरून बसला होता, आणि मी आपला मनात म्हणतोय, यंत्र बिघडलं. तुझं पत्र नाकाला लावून त्या अंगठ्याचं चारदा वाचलं.

घाबरतो कशाला विचारशील. नारायणराव आठवतात ना, चावडीशेजारचे? फिरत्या वैदूनं सुई घालून त्यांच्या डोळ्यावरचं जाळं काढलं. आठ दिवस दिसलं, मग ठणकायला लागलं, आणि डोळा गेला तो गेलाच. ते मरेपर्यंत मी त्यांना पोथी वाचून दाखवत होतो. ते म्हणायचे, "शेषराव, होतं तेवढं धुरकट बरं होतं रे." हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. मला कोणी शाळेत घातलं नाही. किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरून मी एकेक अक्षर गोळा केलंय. आहे तेवढं नाकाजवळचंही गेलं, तर मी कोण? नुसता एक म्हातारा, भिंतीला टेकलेला.

निवृत्तीला मी तसं बोललो, हे खरं. मळ्याची त्याला काडीची हाव नाही, हे मला बोलतानाच माहीत होतं. भ्यालेला माणूस हाताला लागेल ते फेकतो.

तू तरी राग धरू नकोस. दोन ओळी टाक.

दादा

---

बीबी, ता. १३ मार्च

तीर्थरूप दादास दंडवत.

राग कशाचा? तुह्या कोळशाच्या अक्षराचं देणं माह्यावर अजून हाये. तू विचारलं, मी कोण. तू माहा मास्तर. मले वाचता यावं म्हणून ते टोपलं तू पुसून पुसून भोक पडेपर्यंत वापरलं अन् आईचा मार खाल्ला. हे काई भिंतीले टेकून संपत नाई.

आता काम. मेहकरात ह्या महिन्याअखेर डोळ्याचं शिबिर भरून राह्यलं. निवृत्तीनंच नाव घातलं होतं तुहं, जानेवारीतच. तुले सांगाची हिंमत नव्हती त्याची. तिथं वैदू नाई, डॉक्टर हायेत, आठ दिवस ठेवून घेतात, दुसऱ्या दिवशी माणसाले घरी हाकलत नाई. आमच्या बीबीचे अर्जुनराव मागच्या साली करून आले. परवा त्याइनं रस्त्याच्या पल्याडून मले हाक मारली, "रुखमाबाई, पदर काट्यात अडकला तुमचा." रस्त्याच्या पल्याडून, दादा!

भीती तुही खरी हाये. ती मी खोटी म्हणणार नाई. पण तू मले काय लिहिलं होतं, की पाहण्याजोगं दोनच. तू पाह्यलंच कुठं त्यातलं?

अन् ऐक. त्या आईनं दार कशानं लावलं, हे मी तुले सांगितलं नाई. हातानं नाई लावलं. कशानं लावलं ते सांगणार नाई. ह्याइलेही म्हटलं, कोणी विचारलं तरी सांगू नका. कौशल्यावहिनीलेही नाई, निवृत्तीलेही नाई. सगळ्या सिनेमात तेवढं एकच पाहण्याजोगं हाये, अन् ते ऐकू येत नाई. तंबू उन्हाळ्यात मेहकरले जाणार हाये. तुहं तू पाह्य.

निवृत्ती येत्या रविवारी तुले न्यायले येईल. दार उघड.

रुखमा

---

मेहकर, ता. २ एप्रिल

सौ. आत्याबाईस निवृत्तीचा नमस्कार.

बाबांनी सांगितलं तसं लिहितो. उजव्या डोळ्याचं झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे, मान हलवू देत नाहीत, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. आई उशाशी बसून भरवते. बाबा शेजारच्या खाटेवरच्या उंद्रीच्याच एका म्हाताऱ्याला जहाजाचं चित्र सांगत असतात. त्यात आता अस्वल आहे.

हे पुढचं माझं आहे, त्यांनी सांगितलेलं नाही. रविवारी मी उंद्रीला गेलो तेव्हा दार उघडंच होतं. बाबा ओट्यावर पिशवी घेऊन बसलेले, सकाळपासून. मला पाहून म्हणाले, "कोण?" मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "आवाजावरून तरी ओळखू आलास. चल, चेहऱ्याचं पाहू आता." मेहकर येईपर्यंत त्यांनी गाडीत माझा हात सोडला नाही.

पट्टी सुटायची बाकी आहे. डॉक्टर म्हणतात, आशा धरा.

निवृत्ती

---

मेहकर, ता. २१ मे १९६७

चि. सौ. रुखमा हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

उत्तमरावांचा गुडघा, अंबूबाईंची जीभ, कोकिळा, नात, सगळ्यांचं वेगळं विचारत नाही. पुढच्या महिन्यात येऊन मीच एकेकाला पाहून घेणार आहे. नातीला सांग, ठाणेदारावर नजर ठेवणारा येतोय.

या पत्राच्या ओळी बघ. दोरा नाही. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, म्हणतात. मला देवानं सध्या एकच दिलाय, दुसऱ्याचं हिवाळ्यात पाहू म्हणतो. पण हा एकच असा दिलाय की विचारू नकोस. भिंग बाटलीच्या बुडाएवढं जाड, वाचायचं निराळं नि चालायचं निराळं. चष्मा लावून पहिल्यांदा कौशल्याकडे पाहिलं नि म्हटलं, "अगं, तू म्हातारी केव्हा झालीस?" ती म्हणाली, "तुम्ही आरशात पाहा, मग बोला." पाहिलं. मग नाही बोललो.

निवृत्तीच्या कानशिलावर केस पांढरे झालेत. मला माहीतच नव्हतं. पोरगा चाळिशीला टेकला आणि मी त्याचा बावीस वर्षांचा चेहरा धरून त्याच्याशी भांडत होतो.

काल किसनरावांच्या तंबूत गेलो. निवृत्ती एका बाजूला, कौशल्या दुसऱ्या. इथं जागा मोठी आहे, बाया-माणसं सगळी समोरच. आईचं होतं. मी सुरुवातीपासून डोळा ताणून बसलो होतो, पाणी यायला लागलं. निवृत्ती म्हणाला, "बाबा, दमता, मिटा जरा. दार आलं की सांगतो." मी म्हटलं, "खबरदार सांगितलंस तर."

आलं दार. पोरगा उंबऱ्यावर, मान खाली. आई चुलीपासून उठून येते, हाताला पीठ. मागं लोक. मी श्वास धरला. तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं, पिठाच्या हातांनी, आणि त्याला तसंच धरून आत ओढत मागं वळली, आणि दार पाठीनं लोटलं. पाठीनं, रुखमा. हात मोकळे नव्हते ना तिचे. दोन्ही हातांत पोरगं होतं.

आणि मी दोन-अडीच महिने सगळ्या उंद्रीला सांगत होतो, की तिनं दार त्याच्यावर लावलं.

उजेड झाला तेव्हा निवृत्ती माझ्याकडे पाहत होता. त्याला वाटलं डोळ्याला त्रास होतोय. मी म्हटलं, "काही नाही. चल घरी." उंबऱ्यापाशी आलो, तो मागं राहिला, चपला काढत. मी त्याला दंडाला धरून आत घेतलं. दार मागं कौशल्यानं लावलं. कशानं लावलं ते पाहिलं नाही.

चंद्राचं मी अजून पाहिलेलं नाही. मुद्दाम ठेवलंय. पाऊस लागायच्या आत किसनराव ते पुन्हा लावणार आहेत. तू ये मेहकरला. तू एकदा समोरून पाहा, अक्षरं सुलटी कशी दिसतात ते तुला कळू दे, आणि पृथ्वी अंगठ्यामागून बाहेर येते तेव्हा मला कोपरानं ढोसू नकोस, मला दिसेल.

कोणत्या गाडीनं येतेस ते लगेच कळव. पत्र बारीक अक्षरात लिही, जमेल तितकं बारीक. आता नाकाला लावणार नाही. हात लांब करून वाचणार आहे.

तुझा दादा,
शेषराव